दवा बाजारातली पेढी, चौदा कॉम्प्युटर आणि एसक्यूएल सर्व्हरचं लायसन्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या दवा बाजारात औषधांची होलसेल पेढी. बिलिंगचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१४ एक्स्प्रेसवर, म्हणजे बिलांची माहिती साठवणाऱ्या डेटाबेसवर, चालतं. दुकान आणि गोडाऊन मिळून १४ कॉम्प्युटर, शिवाय ११ सेल्समन मोबाइल ॲपवरून ऑर्डर टाकतात. ऐन मार्चअखेरीला बिल सेव्ह होईना. सॉफ्टवेअरवाल्यानं सांगितलं की डेटाबेस भरली, आता पैसेवालं व्हर्जन घ्या. मग तीन जणांनी तीन भाव दिले. एकानं ४,५०० रुपयांत ‘ओरिजिनल की’. दुसऱ्यानं सर्व्हर लायसन्स आणि १४ कॅल (सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येकामागे लागणारं लायसन्स) मिळून सुमारे ३ लाख ५८ हजार. तिसऱ्यानं सर्व्हरच्या प्रोसेसरमधल्या आठ कोअरचं लायसन्स सुमारे १३ लाख ४० हजार. जीएसटी वेगळा. विचारणाऱ्यांचं म्हणणं, “यातलं खरं कोणाचं, आणि आम्हाला नक्की किती लायसन्स लागतात?”

पहिला भाव खोटा आहे. दुसरा अर्धवट आहे. तिसऱ्याचं गणित बरोबर आहे, पण ते तुमच्या पेढीचं गणित नाही. चौथा भाव शून्य रुपयांचा आहे आणि तो तुम्हाला कोणी सांगितला नाही, कारण त्यात कोणाचंच कमिशन नाही. त्याच्याकडे येतोच, आधी ती साडेचार हजारांची की निकालात काढू.

मी बावीस वर्षं इंदुरात हेच काम करतो. या काळात अशा किया विकणारे बदलले, वाक्य बदललं नाही: “अरे भिया, कौन देखने आ रहा है!” की म्हणजे लायसन्स नव्हे, की म्हणजे कुलूप उघडायचं साधन. घराची किल्ली खिशात आहे म्हणून घराची रजिस्ट्री आपल्या नावावर होत नाही. या स्वस्त किया बहुतेक वेळा कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम करारातल्या, म्हणजे घाऊक लायसन्सच्या करारातल्या, असतात, नाहीतर डेव्हलपरांसाठीच्या सबस्क्रिप्शनमधून बाहेर आलेल्या. की टाकली की सर्व्हर सुरू होतो, हिरवी खूण दिसते, सगळे खूश. तुमच्या नावाचा करार नाही आणि बिलावर काय विकलं हे धड लिहिलेलं नाही, तर तुमच्याकडे लायसन्स नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यातच, ६३ बी हे कलम खास यासाठी आहे. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यात फायद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण होलसेलची पेढी ती सवलत कशी मागणार?

याच माळेतले आणखी दोन मणी ओळखून ठेवा. एक डेव्हलपर एडिशन, एसक्यूएल सर्व्हरचाच एक प्रकार. ही फुकट आहे, हिच्यात महागड्या एंटरप्राइझ एडिशनची सगळी वैशिष्ट्यं आहेत, एक्स्प्रेससारखी दहा जीबीची मर्यादा नाही. म्हणून काही इन्स्टॉल करणारे सरळ हीच टाकून देतात आणि ‘फुल व्हर्जन टाकलंय’ असं सांगून पैसे घेतात. ही फक्त सॉफ्टवेअर बनवायला आणि तपासायला आहे. हिच्यावर रोजची बिलं काढली की ते विनालायसन्सच झालं. दुसरी इव्हॅल्युएशन एडिशन, १८० दिवसांची. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मी पाहिलं आहे. तिथल्या माणसानं सेटअप करताना कीच्या पानावर इव्हॅल्युएशन निवडलं, पुढे काय ते बघू म्हणून सोडून दिलं आणि स्वतः नोकरी सोडून गेला. सहा महिन्यांनी एका सकाळी सर्व्हिस सुरूच होईना. डेटा जागच्या जागी होता, डिस्क ठणठणीत, पण गेटपास निघेना आणि गेटवर भरलेला ट्रक उभा. मालकांना वाटलं व्हायरस आला. मुदत संपली होती, एवढंच. तुमच्या मशीनवर काय आहे ते आजच बघा. मॅनेजमेंट स्टुडिओत, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर हाताळायच्या प्रोग्राममध्ये, सिलेक्ट ॲट-ॲट-व्हर्जन (SELECT @@VERSION) ही एक ओळ चालवली की शेवटी एडिशनचं नाव येतं. तिथे एक्स्प्रेस असेल तर तुम्ही आजवर पूर्ण कायदेशीर आहात. डेव्हलपर किंवा इव्हॅल्युएशन असेल तर सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा आणि चहा देण्याआधी विचारा.

आता तो शून्य रुपयांचा भाव.

एक्स्प्रेस एडिशन धंद्यासाठी वापरायला पूर्ण मोफत आहे. हे अनेकांना खरं वाटत नाही, ‘ट्रायल असेल’ असं वाटतं. ट्रायल नाही. तिला मर्यादा आहेत: २००८ आर-टूपासून २०२२ पर्यंत एका डेटाबेसला १० जीबी, बफरला, म्हणजे डेटा हाताशी ठेवायला, तुमच्या २०१४ मध्ये १ जीबी आणि नंतरच्या आवृत्त्यांत १,४१० एमबी मेमरी, आणि जास्तीत जास्त एक सॉकेट (म्हणजे एक प्रोसेसर) किंवा चार कोअर, यातलं जे कमी असेल ते. मर्यादा एका डेटाबेसची आहे, अख्ख्या सर्व्हरची नाही, आणि लॉगची, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारी, फाइल तिच्यात धरत नाहीत. आपल्याकडची जुनी बिलिंग सॉफ्टवेअरं दर आर्थिक वर्षाची वेगळी डेटाबेस का करतात, त्याचं एक कारण इथे आहे. तुमचं सॉफ्टवेअर सगळी वर्षं एकाच पोत्यात भरतंय असं दिसतं.

मेमरीची ती ओळ दोनदा वाचा. सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांतून ६४ जीबी रॅमचा सर्व्हर आणून त्यावर एक्स्प्रेस बसवणारे लोक मी पाहिले आहेत. एक्स्प्रेस त्यातली दीडेक जीबी डेटासाठी वापरते, बाकीची रॅम बसून असते.

मागच्या वर्षी सियागंजातल्या एका किराणा होलसेलरकडे हुबेहूब तुमचीच तक्रार होती. मी गेलो तेव्हा सर्व्हर म्हणजे जिऱ्याच्या पोत्यांमागे ठेवलेला एक टॉवर, वर भगवा गमछा टाकलेला, धूळ जाऊ नये म्हणून. स्टुलावर बसलो, मॅनेजमेंट स्टुडिओ उघडला, डेटाबेसवर उजवं क्लिक, रिपोर्ट्स, स्टँडर्ड रिपोर्ट्स, त्यात ‘डिस्क युसेज बाय टॉप टेबल्स’. दहा सेकंदांत यादी आली. एकूण ९.८ जीबी. बिलांच्या ओळींचं टेबल, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते अकरा वर्षांचं मिळून दीड जीबीसुद्धा नव्हतं. सगळ्यात वर ६.१ जीबीचं एक टेबल. त्यात खरेदीच्या बिलांचे फोटो. मुनीमजी प्रत्येक बिलाचा मोबाइलवर फोटो काढत आणि सॉफ्टवेअर तो पूर्ण आकारात डेटाबेसमध्ये कोंबत असे. त्याखाली एक टेबल कोणी केव्हा लॉगिन केलं याच्या नोंदींचं, १.४ जीबी, जे कोणी कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. मालक मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “म्हणजे मी साडेतीन लाख फोटोंसाठी देणार होतो?”

फोटो एका फोल्डरमध्ये काढले, डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता ठेवला, दोन वर्षांपलीकडच्या लॉगिनच्या नोंदी काढल्या. हे काम सॉफ्टवेअरवाल्याकडूनच करून घ्यावं, टेबलात परस्पर हात घालू नये, कारण उद्या काही बिघडलं तर तो पहिलं बोट तुमच्याकडे दाखवेल. फाइलचा आकार त्यानंतर बाहेरून तेवढाच दिसतो, घाबरू नका. आत मोकळी झालेली जागा नव्या नोंदींना वापरली जाते.

दुसरी वाट आणखी सोपी असू शकते. एसक्यूएल सर्व्हर २०२५ च्या एक्स्प्रेसमध्ये डेटाबेसची मर्यादा ५० जीबी केली आहे. लायसन्स तसंच मोफत. तुमची २०१४ तशीही बदलायला झाली आहे. तिचा सपोर्ट ९ जुलै २०२४ ला संपला, सुरक्षेचे पॅच येत नाहीत. अडचण दोन ठिकाणी. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर २०२५ वर चालतं असं त्या कंपनीनं लेखी दिलं पाहिजे. आणि एकदा नव्या आवृत्तीवर चढवलेली डेटाबेस परत जुन्यावर उतरत नाही, म्हणून जुन्या बॅकअपची प्रत वेगळ्या डिस्कवर जपून ठेवायची. जुनं विंडोज असेल तर तेही बदलावं लागेल.

एक्स्प्रेसमध्ये एजंट नसतो, म्हणजे रात्रीचा बॅकअप आपोआप घेणारा शेड्यूलर. त्यासाठी विंडोजचा टास्क शेड्यूलर लावावा लागतो. ‘बॅकअप होत नाही म्हणून पैसेवाली स्टँडर्ड एडिशन घ्या’ असं कोणी म्हणालं तर हे उत्तर द्या.

समजा एवढं करूनही एक्स्प्रेस पुरत नाही. ५० जीबीला अवकाश असला तरी संध्याकाळी पाच ते आठ, जेव्हा सगळे काउंटर एकदम बिलं काढतात, तेव्हा स्क्रीन अडकतो, कारण १,४१० एमबीत काम मावत नाही. मग स्टँडर्ड एडिशन. ती घ्यायच्या दोन पद्धती आहेत आणि तुमचा खरा गोंधळ इथेच आहे.

पहिली पद्धत सर्व्हर अधिक कॅल. कॅल म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन्स. सर्व्हरचं एक लायसन्स घ्यायचं आणि त्याला जे जे हात लावतील त्या प्रत्येकासाठी एक कॅल. ती माणसाच्या नावाची घेता येते किंवा कॉम्प्युटरच्या. एका काउंटरवर सकाळी एक मुलगा आणि संध्याकाळी दुसरा बसत असेल तर कॉम्प्युटरची घ्या, एकात दोघं भागतात. मालक दुकानातल्या कॉम्प्युटरवर, घरच्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवर तिन्हीकडे बघत असतील तर त्यांची माणसाची घ्या. दोन्ही प्रकार मिसळून चालतात.

दुसऱ्या कोटेशनवाल्यानं १४ कॉम्प्युटर मोजले आणि तिथेच थांबला. सेल्समन मोजलेच नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणतील, ‘ते थोडेच सर्व्हरला जोडलेत, ते ॲपला जोडलेत, ॲप एकच कनेक्शन करतं.’ हा युक्तिवाद बाजारात सर्रास चालतो आणि तो चुकीचा आहे. मध्ये वेब सर्व्हर, ॲप, काहीही उभं केलं तरी कॅलची संख्या कमी होत नाही. डेटा शेवटी ज्याच्यापर्यंत पोचतो किंवा ज्याच्याकडून येतो, तो मोजायचा. म्हणजे ११ सेल्समन धरून २५. लांबून कनेक्ट करून स्टॉक बघणारा सीएच्या ऑफिसातला मुलगासुद्धा मोजायचा.

आणि ‘एका वेळी पाचच जण लॉगिन असतात, मग पाच घेतो’ हेही चालत नाही. एका वेळी किती, हा हिशेबच या लायसन्समध्ये नाही. लोकांच्या डोक्यात हा हिशेब बिलिंग सॉफ्टवेअरमुळे बसतो, कारण तिथे ‘पाच युजरचं पॅकेज’ विकतात. ते लायसन्स बिलिंग सॉफ्टवेअरचं, हे त्याच्या पोटातल्या डेटाबेसचं. एक घेतलं म्हणून दुसरं मिळत नाही. अपवाद एकच: काही सॉफ्टवेअर कंपन्या मायक्रोसॉफ्टशी करार करून एसक्यूएल सर्व्हरचं रनटाइम लायसन्स स्वतःच्या सॉफ्टवेअरसोबत देतात. ते फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरपुरतं असतं. तसं असेल तर बिलावर तसं लिहून घ्या.

कॅलची आणखी एक गंमत. तिला की नसते, ती कुठे टाकायची नसते. सर्व्हर कॅल मोजत नाही आणि सव्विसाव्या माणसाला अडवतही नाही. त्यामुळे ‘चालतंय ना, मग पुरेशी आहेत’ असा समज होतो. मोजणी होते ती मायक्रोसॉफ्टकडून लायसन्सचं ऑडिट होतं त्या वेळी, आणि तेव्हा पुरावा म्हणून बिल आणि कराराचा कागद लागतो. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर असेल तर त्याची कॅल आणखी वेगळी. एसक्यूएलची कॅल विंडोजला चालत नाही.

दुसरी पद्धत कोअरची. यात माणसं मोजायचीच नाहीत, प्रोसेसरमधले कोअर मोजायचे. दोन-दोन कोअरच्या जोडीनं विकतात आणि एका प्रोसेसरला कमीत कमी चार घ्यावेच लागतात. आता आकडे बघा. हिशेब सोपा जावा म्हणून २०२२ आवृत्तीचे अमेरिकेतले जाहीर भाव घेतो आणि डॉलर ८५ रुपये धरतो. तुमच्या रिसेलरचा भाव थोडा इकडेतिकडे असेल. स्टँडर्डचं सर्व्हर लायसन्स ९८९ डॉलर, एक कॅल २३० डॉलर, दोन कोअरची जोडी ३,९४५ डॉलर. तुमचे २५ कॅल आणि सर्व्हर मिळून ६,७३९ डॉलर, म्हणजे सुमारे ५ लाख ७३ हजार. चार कोअर म्हणजे ७,८९० डॉलर, सुमारे ६ लाख ७१ हजार. तीस कॅल झाले की बेरीज ७,८८९ होते, चार कोअरपेक्षा बरोबर एक डॉलर कमी. म्हणून माझा ठोकताळा: मोजणी तिशीच्या आत असेल तर कॅल, तिशीला टेकली की चार कोअर.

तुम्ही आज २५ वर आहात. येत्या वर्षात आणखी चारपाच सेल्समन ठेवणार असाल तर आत्ताच कोअर घेणं शहाणपणाचं. आणि गावोगावच्या केमिस्टांना तुमच्या ॲपवरून थेट ऑर्डर टाकू द्यायचा विचार असेल तर प्रश्नच मिटला. उज्जैन, देवास, धार, महूकडचे तीनशे केमिस्ट जोडले तर ते बाहेरचे असले तरी प्रत्येकाची कॅल लागते. तिथे कोअरच.

मग तिसऱ्यानं तेरा लाख का सांगितले? कारण त्यानं आधी सर्व्हर विकला, आठ कोअरचा, आणि मग त्यातले सगळे कोअर मोजले. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, मशीनमधले सगळे फिजिकल कोअर मोजावे लागतात. चूक क्रमात आहे. लायसन्स कोअरवर असेल तर आधी लायसन्स ठरवायचं आणि मग मशीन घ्यायची. छोट्या सर्व्हरमध्ये चार कोअरचे झिऑन, म्हणजे इंटेलचे सर्व्हरसाठीचे, प्रोसेसर मिळतात. २५ माणसांच्या पेढीला थोडे पण वेगवान कोअर पुरतात, आणि वाचलेल्या पैशात चांगली एसएसडी आणि भरपूर रॅम येते. बिलिंगला खरा वेग तिथूनच मिळतो. आठ कोअरच्या मशीनवर चार कोअरचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेलं दुसरं मशीन, करून तेवढंच लायसन्स घेण्याची युक्ती पूर्वी चालायची. २०२२ पासून त्यासाठी सॉफ्टवेअर ॲश्युरन्स ही मायक्रोसॉफ्टची जोडयोजना किंवा सबस्क्रिप्शन लागतं, म्हणजे दरवर्षीचा खर्च. जुने रिसेलर अजून जुनाच नियम सांगतात.

एंटरप्राइझ एडिशनकडे बघूसुद्धा नका. ती फक्त कोअरवर मिळते आणि दोन कोअरची जोडीच १५,१२३ डॉलरला.

‘पोस्टग्रेस फुकट आहे, त्यावर जाऊ का?’ हेही तुम्ही विचारलं आहे. पोस्टग्रेस ही एसक्यूएल सर्व्हरसारखीच दुसरी डेटाबेस, आणि ती खरोखर मोफत आहे. बर्कलेच्या विद्यापीठात १९८६ ला सुरू झालेल्या कामातून ती आली, कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही, तिला कॅल नाही, कोअर नाही, जीबीची मर्यादा नाही. मी नवीन काम सुरू करणाऱ्याला आधी तीच सुचवतो. पण तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरसाठी लिहिलं आहे. डेटाबेस बदलणं म्हणजे मोटारीचं टायर बदलणं नव्हे, इंजिन बदलणं आहे, आणि ते काम सॉफ्टवेअर कंपनीच करू शकते. ती करत नसेल तर हा विषय तुमच्यापुरता बंद. मायएसक्यूएलचंही असंच. पेढीत चालवायला पैसे लागत नाहीत, तिच्या जीपीएल या मुक्त-सॉफ्टवेअर लायसन्सच्या अटींची काळजी ती स्वतःच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये घालून विकणाऱ्यानं करायची. ओरॅकलबद्दल एवढंच: स्टँडर्ड एडिशन टू हीसुद्धा कमीत कमी दहा नेम्ड युजरची, म्हणजे दहा ठरावीक माणसांची, घ्यावी लागते आणि सपोर्ट घेतला तर दरवर्षी लायसन्सच्या किमतीच्या २२ टक्के. तुमच्या आकाराच्या पेढीला मी ती कधी सुचवलेली नाही.

क्लाउडवर घेतलं तर लायसन्स भाड्यातच येतं, हे खरं. पण काउंटरवर केमिस्टचा माणूस उभा आहे आणि रस्त्याच्या खोदकामात कुठेतरी केबल तुटली, तर बिल निघत नाही. इंदुरात सध्या रस्ते किती खोदलेले आहेत ते मी तुम्हाला काय सांगू.

तर या रविवारी, दुकान बंद असताना, आधी पूर्ण बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि टेबलांच्या आकाराचा तो ‘डिस्क युसेज बाय टॉप टेबल्स’ रिपोर्ट काढा. सगळ्यात वरच्या पाच टेबलांची नावं आणि आकार कागदावर लिहा. सोमवारी तो कागद सॉफ्टवेअरवाल्यासमोर ठेवून विचारा की वरचं टेबल कशाचं आहे, आणि २०२५ एक्स्प्रेसवर त्यांचं सॉफ्टवेअर चालतं का. वरचं टेबल खरोखर बिलांच्याच ओळींचं निघालं आणि २०२५ ला ते नाही म्हणाले, तरच दुसऱ्या कोटेशनवाल्याला फोन करा. त्याला म्हणावं, चौदा नाही, पंचवीस धरून नवा भाव द्या, आणि शेजारी चार कोअरचाही लिहा. बिलावर एडिशन, आवृत्ती, कॅल माणसांच्या किती आणि कॉम्प्युटरच्या किती हे वेगवेगळ्या ओळींत हवं, आणि करार पेढीच्या जीएसटी नोंदणीतल्या नावानं. ‘सॉफ्टवेअर – १ नग’ असं लिहिलेलं बिल परत करा.